न्यूयॉर्कचा धूर कुठे निघतो

माझ्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात याचाही हात आहे. आई चौथी शिकलेली, बाबा सातवी नापास आणि कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्रात हेल्पर. मी एम.ए. केलं, मग पीएच.डी., आणि आता नागपूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. नावामागे डॉक्टर लागलं तेव्हा बाबांनी वीज केंद्राच्या वसाहतीत घरोघरी पेढे वाटले आणि प्रत्येक दारात समजावून सांगितलं, की ही सुई टोचणारी डॉक्टर नाही, पण सुई टोचणारीपेक्षा जास्त शिकलेली आहे.

अमेरिकेला गेले ती एका परिषदेसाठी. न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात शहरांवर परिषद होती आणि माझा निबंध निवडला गेला होता. विषय असा, की ज्यांना 'जागतिक शहर' म्हणतात, म्हणजे जिथे मोठ्या बँका, कंपन्यांची मुख्यालयं, शेअर बाजार, मोठे विमानतळ असतात, अशा शहरांचा आणि त्यांच्यातून निघणाऱ्या कार्बनचा संबंध काय. मी जगातली काही शहरं घेतली, काही साधी कारखान्यांची शहरं घेतली. प्रत्येक शहराच्या हद्दीत किती कार्बन निघतो ते शोधलं आणि लोकसंख्येने भागलं. तक्ता तयार झाला तेव्हा उत्तर स्वच्छ दिसलं. शहर जितकं जागतिक, तितका माणशी धूर कमी. न्यूयॉर्क तळाला, म्हणजे चांगल्या बाजूला. वरच्या टोकाला, सगळ्यांत धुरकट म्हणून पहिल्या क्रमांकावर, माझं स्वतःचं गाव.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. एकदा तक्त्यात लिहिलं ते पुरे.

परिषदेनंतर निवडक निबंधांचा ग्रंथ निघणार होता. त्यात नाव आलं की माझी बरीच वर्षं अडकलेली बढती सुटणार होती. कॉलेजच्या गेटवर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. फोटोत मी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसत होते, पण होते मात्र मीच.

एडिसन

न्यू जर्सीतल्या एडिसनला मी बोरकरकाकांकडे उतरले. काका आमच्या प्राचार्यांचे शाळासोबती, मूळचे अमरावतीचे. तरुणपणी इकडे आले, न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं आणि आता निवृत्त आहेत. काकू मुंबईच्या. दोघंच राहतात त्या घरात आमच्या वसाहतीतली चार कुटुंबं सहज मावतील आणि वर एखादं भांडायलाही जागा उरेल.

पहिल्या सकाळी मी प्रवासातले कपडे हाताने धुतले. मागच्या लाकडी सज्ज्यावर छान ऊन आलं होतं. कठड्यावर ओढणी आणि दोन कुर्ते पसरले. आत येऊन चहाचा कप उचलते तोवर काकू सगळं गोळा करून आत घेऊन आल्या.

"अगं, इथे बाहेर नाही घालत. इथल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र येतं."

"कसलं पत्र?"

"कपडे दिसतात म्हणून. ड्रायरमध्ये टाकते, अर्ध्या तासात होतील."

बाहेर लख्ख ऊन आणि आत वीज जाळून कपडे वाळतायत. भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे बघवत नाही. काकांनी माझा चेहरा वाचला असावा. ते म्हणाले, "बस. थालीपीठ थंड होईल. ड्रायरवर चिडून अमेरिकेत दोन आठवडे काढणं कठीण आहे."

काकूंचं थालीपीठ भाजणीचं होतं. भाजणी इथल्याच ओक ट्री रोडवरची. दुपारी त्या मला तिथे घेऊन गेल्या. साड्यांची दुकानं, मिठाया, भाज्या, पाणीपुरीच्या टपरीसारखं काचेचं दुकान. भाजीच्या दुकानात ताजी गवार, तोंडली, अळूची पानं. अळूच्या जुडीवर मेक्सिकोचं लेबल होतं. काकू म्हणाल्या, "आमच्या फतफत्याला पासपोर्ट लागतो." मी हसले, आणि मनातल्या मनात त्या जुडीचा प्रवास मोजायला लागले. ही खोड माझी जाणार नाही.

संध्याकाळच्या चहाला काकांनी माझा निबंध मागितला. चष्मा लावून, पेन हातात घेऊन, रिपोर्ट वाचावा तसा सगळा वाचला. मग तक्त्यावर बोट ठेवलं.

"न्यूयॉर्क फारच गुणी निघालं की."

"आहेच ते काका. लोक चालतात, रेल्वेने फिरतात, लहान घरात राहतात."

"खरं आहे. पण मला सांग, मी तीस-पस्तीस वर्षं त्या गुणी शहरात नोकरी केली. त्या नोकरीवर हे घर घेतलं. दोन गाड्या घेतल्या. हिवाळ्यात एवढं मोठं घर तापवतो. माझा धूर तू कुठे टाकलास?"

"एडिसनमध्ये. म्हणजे न्यू जर्सीत."

"आणि पगार?"

"न्यूयॉर्कच्या खात्यात," काकू मधेच म्हणाल्या. "याला म्हणतात सोयीचं लग्न."

काका हसले, मीही हसले. निबंधात अशा मर्यादांचा एक परिच्छेद असतोच, तो माझ्यातही होता. मी त्यांना तो काढून दाखवला. काकांनी वाचून मान हलवली आणि चहा संपवला. परिच्छेद होता, त्यामुळे मला निश्चिंत वाटलं.

न्यूयॉर्क, पहिला फेरा

परिषदेला अजून आठवडा होता. काका मला एक दिवस शहर दाखवायला घेऊन गेले. एडिसनहून आगगाडी थेट शहराच्या पोटात नेऊन सोडते.

बाहेर पडले आणि पहिल्याच चौकात थांबले. रस्त्याच्या मधोमध नारिंगी-पांढरी नळकांडी उभी आणि तिच्यातून पांढरा लोट वर जातोय. मी घाईघाईने फोन काढून तीन फोटो घेतले. न्यूयॉर्कचा धूर सापडला म्हणून.

"वाफ आहे ती," काका म्हणाले. "इमारती तापवायला जमिनीखालून वाफेचे नळ आहेत. गळतं कुठेतरी."

"धूर नाही?"

"वाफ. पण वाफ करायला कुठेतरी काहीतरी जळतं, ते तूच शोध. मी फक्त भूल देत होतो."

फोटो पुसले. आता वाटतं, एक ठेवायला हवा होता.

त्या दिवशी शहर मला मनापासून आवडलं, हे कबूल करते. मी वसाहतीत वाढलेली, मला गर्दीची भीती नाही. इथली माणसं भरभर चालतात, पण रस्ता विचारला की थांबून सांगतात. एक वयस्क बाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन पाच मजले चढून जाताना दिसली. लिफ्ट नसलेली जुनी इमारत. मी एक पिशवी धरली तर दारापर्यंत येऊ दिलं आणि घर दाखवलं. एक खोली, खिडकीत तुळशीसारखं दिसणारं काहीतरी लावलेलं. गाडी आहे का विचारलं तर म्हणाली, आयुष्यात कधी चालवली नाही, गरजच पडली नाही. काका खाली ताटकळत उभे होते. मी खाली येऊन म्हटलं, "बघा, तळाचा क्रमांक उगाच नाही."

"तिचा क्रमांक बरोबर आहे," काका म्हणाले. "ती म्हणजे सगळं न्यूयॉर्क नव्हे." आणि त्यांनी समोरचा काचेचा मनोरा दाखवला. दुपारी बारा वाजता त्याच्या सगळ्या मजल्यांवर दिवे होते.

अ‍ॅशबर्न

तिथून चार दिवसांसाठी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला गेले, निलेशकडे. निलेश आमच्याच वसाहतीतला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तो दहावीला असताना मी त्याच्या घरी जाऊन त्याला शिकवायचे. वसाहतीतून कॉलेजात गेलेला तो माझ्यानंतरचा. आता डेटा सेंटरमध्ये, म्हणजे इंटरनेटची कॉम्प्युटर यंत्रं ठेवतात त्या इमारतीत, विजेची यंत्रणा सांभाळतो. बायको गौरी पुण्याची, तीही आयटीत. मुलगी ईरा नऊ वर्षांची.

जाताना आगगाडीत माझी फजिती झाली. फोनवर काकूंना सांगत होते की जागा चांगली मिळाली, डबा उघडला, धपाटे मऊ राहिलेत. आमच्याकडे लांबच्या माणसाशी बोलताना आवाज आपोआप लांबच्यासाठी निघतो. शेजारच्या गृहस्थांनी अलगद वर बोट दाखवलं. पाटी होती, हा शांततेचा डबा आहे. अख्खा डबा माझे धपाटे ऐकत होता. मी उठले, सामान घेऊन पुढच्या डब्यात गेले. ते गृहस्थ माझी राहिलेली पाण्याची बाटली द्यायला मागोमाग आले. भला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीप्रमाणे फिरायला निघाले. पदपथ छान सुरू झाला, थोड्या वेळाने संपला. नुसता संपला, पुढे गवत. मी गवतातून चालत राहिले तर एक गाडी थांबली आणि आतल्या बाईंनी विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, गाडी बंद पडली का. चालतेय म्हटलं तर त्यांना पटलं नाही, पण हसून गेल्या.

पुढे मोठमोठ्या इमारती लागल्या. राखाडी, सपाट, खिडक्या नसलेल्या. एकीमागे एक. माणूस एक नाही. आणि एक सलग घूं असा आवाज. कुंपणापाशी उभी राहून बघत होते तेवढ्यात पहारेकरी आला. इथिओपियाचा होता, बोलायला मवाळ. फोटो काढू नका म्हणाला. मी म्हटलं, नाही काढत, फक्त सांगा की आत किती लोक काम करतात. तो म्हणाला, "तुम्ही ज्या अर्थाने विचारताय त्या अर्थाने फार नाहीत, बाई. आत यंत्रं आहेत." मग विचारलं, कुठून आलात. भारत म्हटल्यावर म्हणाला, इथे बहुतेक सगळे तिथूनच आलेले आहेत. आणि कुंपणाच्या टोकापर्यंत मला सोडून आला, गवतात एक खड्डा आहे म्हणून.

घरी येऊन गौरीला त्या आवाजाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं फ्रिज बिघडला. मी मेकॅनिकला बोलावलं, ताई. त्याने फ्रिज उघडून बघितला, मग खिडकी उघडली. म्हणाला, मॅम, हे तुमच्या फ्रिजचं नाही. आता सवय झाली. बंद पडलं तर झोप येणार नाही."

"बंद पडलं तर माझी नोकरी जाईल," निलेश म्हणाला.

तो शनिवार होता. दुपारी जेवायला मी गोळाभात केला. बेसनाचे गोळे भातात शिजवून, वरून मोहरी-लसणाचं तेल. निलेशने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. ईराने विचारलं, "Papa, why are you closing your eyes?" गौरी म्हणाली, "पपा होमटाउनला गेलाय, दोन मिनिटांत येईल."

जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, तुमचा पेपर दाखवा ना. इतका फ्लेक्स लागला म्हणे." मला तेच हवं होतं. ज्याला मी त्रिकोणमिती शिकवली त्याने माझं इंग्रजी वाचावं. लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. तो डाव्या हाताने खाली सरकवत गेला. तक्त्यावर आला आणि खाणं थांबलं.

"ताई, पयल्या नंबरवर आपलं गाव आहे."

"हो. वीज केंद्रामुळे. दरडोई काढलंय."

"दरडोई म्हणजे माह्या आईच्या डोक्यावर?"

"सगळ्यांच्या मिळून सरासरी रे."

"हो, तेच. माह्या आईच्या डोक्यावर न्यूयॉर्कच्या माणसापेक्षा जास्त."

तो माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडेच बघत होता.

"आमच्या घरी एक पंखा होता. तुम्ही शिकवायला यायच्या तेव्हा आई तो तुमच्याकडे तोंड करून ठेवायची आणि स्वतः दारात बसायची. एक पंखा, ताई. राख मात्र रोज दोनदा पुसायची."

"डेटा तसा होता, निलेश."

"डेटा कोणी भरला?"

"निलेश," गौरी म्हणाली, "ताई पेपर लिहितायत, तुझ्यावर केस नाही करत. जेव."

तो जेवला. वाढून घेतलंही. पण पुढे तो ईराशीच बोलत राहिला, तिच्या सॉकरबद्दल, आणि मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं पण कळत नव्हतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. हे मला माहीतच नव्हतं असं नाही. धूर जिथे निघतो तिथे न धरता, ज्याच्यासाठी निघतो त्याच्या नावावर धरायचा, अशीही मोजणी असते. पुस्तकांत आहे, मी ती वाचलेली आहे, परीक्षेला मुलांना विचारलेलीही आहे. पण त्या पद्धतीचे आकडे मिळायला फार कष्ट होते आणि हद्दीतले आकडे तयार मिळत होते. मिळाले ते घेतले. आणि गावाचं नाव पहिल्या ओळीत आल्यावर मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं होतं. स्वतःच्या गावालाही सोडलं नाही, किती निःपक्षपाती बाई, असं परीक्षक म्हणतील म्हणून. आमच्यासारख्या पहिल्याच पिढीत शिकलेल्यांना ही एक हौस असते. आपण आपल्या लोकांवर नरम नाही हे दाखवायचं.

रविवारी सकाळी निलेश म्हणाला, "चला ताई, एक गोष्ट दाखवतो." रागावलेला नव्हता, पण हसतही नव्हता. गाडीने एका वळणावर नेलं. कुंपणाआड विजेचं उपकेंद्र, तारांचे उंच मनोरे, आणि एका खिडकी नसलेल्या इमारतीमागे एका ओळीत उभी डिझेलची जनित्रं, एकेक ट्रकएवढं.

"वीज गेली तर ही दुसऱ्या क्षणाला सुरू झाली पाहिजेत. म्हणून आम्ही ती अधूनमधून चालवून बघतो. तो माझा जॉब. आणि ती लाइन बघा, पश्चिमेकडून येते. तिकडे डोंगरात कोळसा आहे अजून."

"आणि आत काय चालतं?"

"ते आम्हाला सांगत नाहीत. कस्टमरचं नाव पण कळत नाही. न्यूयॉर्कची बँक असेल, नागपुरात कोणी फोनवर काही बघत असेल तेही असेल. पण समजा बँकच आहे. तिचं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये काचेचं, चकाचक. मशीन इथे. कोळसा तिकडे. तुमच्या टेबलमध्ये बँक क्लीन, अ‍ॅशबर्न डर्टी, आणि डोंगरातलं ते गाव सगळ्यांत डर्टी." मग तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलं होतं ना, समीकरणाच्या एका बाजूचं काढलं तर दुसऱ्या बाजूचंही काढावं लागतं. तुम्ही एकाच बाजूचं खोडलं."

मी त्याला दहावीत गणितात चांगले मार्क मिळवून दिले होते. त्याचा त्या वेळी मला थोडा पश्चात्ताप झाला.

निघताना ईराने मला चित्र दिलं. गौरीने धपाट्यांचा डबा परत भरून दिला, यात बटाट्याची भाजी होती. स्टेशनवर निलेशने बॅग चढवली, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "ताई, बोललो ते मनावर घेऊ नका. बढती महत्त्वाची आहे. तुम्ही आमच्यासाठी कितीतरी केलंय." हे त्याने मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. या वेळी मी शांततेच्या डब्यात स्वतःहून बसले.

न्यूयॉर्क, दुसरा फेरा

माझ्यापुढे दोनच रस्ते होते. तक्ता आहे तसा मांडायचा, मर्यादांच्या परिच्छेदात दोन वाक्यं वाढवायची आणि ग्रंथात नाव मिळवायचं. नाहीतर उभं राहून सांगायचं की हा तक्ता चुकीचा आहे. दुरुस्त करायला दोन दिवस नव्हे, दोन वर्षं लागली असती. काकूंनी विचारलं, बरं नाही का. काकांनी काहीच विचारलं नाही, पण परिषदेच्या दिवशी कोट घालून तयार होते. "मी येतो. मागे बसेन. भूल लागली तर सांग."

सभागृह लहान होतं. चाळीसेक माणसं. सत्राच्या अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या बाई, चेहऱ्यावर थकवा आणि दयाळूपणा दोन्ही. मला पंधरा मिनिटं होती. पहिली सात मिनिटं ठरल्याप्रमाणे बोलले. मग तक्ता पडद्यावर आला. न्यूयॉर्क तळाला, माझं गाव वर. दोन-तीन जणांनी फोटो काढले.

मी म्हणाले, "पहिल्या ओळीतलं हे शहर माझं आहे. माझ्या वडिलांनी तिथल्या वीज केंद्रात काम केलं. तिथे तयार होणारी बहुतेक वीज तिथे वापरली जात नाही. ती मोठ्या शहरांना जाते. राख मात्र तिथेच राहते. मी धूर चिमणीच्या नावावर लिहिला, दिव्याच्या नावावर नाही. न्यूयॉर्कच्या बाबतीतही मी हेच केलं. माझ्या शहराला जास्त आणि तुमच्या शहराला कमी. म्हणून हा तक्ता मी मागे घेते."

इंग्रजी बोलताना माझा आवाज नेहमीच थोडा चढतो. त्या दिवशी तो चढला नाही, उतरला.

मागून एका तरुणाने विचारलं, मग खरा क्रम काय आहे, न्यूयॉर्क कितवं येईल. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पाच मजले जिन्याने चढणाऱ्या एका बाईंना मी इथेच भेटले, त्या तरीही चांगल्याच बाजूला राहतील. शहराचं मला सांगता येत नाही."

सत्र संपल्यावर अध्यक्षबाई माझ्याजवळ आल्या. हातात हात घेतला. म्हणाल्या, तुम्ही आज जे बोललात ते मला निबंधापेक्षा जास्त आवडलं. मग खाली बघत म्हणाल्या, पण ग्रंथात निबंध जातो तो मान्य झालेल्या निष्कर्षासह. निष्कर्षच बदलला तर पुन्हा परीक्षण, म्हणजे या ग्रंथात नाही. "तक्ता ठेवून एक टीप द्यायची असेल तर अजून वेळ आहे. आज संध्याकाळपर्यंत सांगा."

संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नव्हती. मी तिथेच सांगितलं. त्यांनी यादीत माझ्या नावावर रेघ ओढली, अगदी हळू, जणू मला दुखेल. दुखलंच. कॉलेजच्या गेटवरचा फ्लेक्स आठवला, प्राचार्य आठवले, पुढची मुलाखत आठवली. शिडीवर मी एकटीच चढलेली, मागे धरायला कुणी नाही, आणि एक पायरी मी स्वतःच काढून टाकली होती.

बाहेर फुटपाथवर काकांनी दोन पिझ्झाचे तुकडे घेतले आणि आम्ही उभ्याउभ्या खाल्ले. ते म्हणाले, "मी एकदा एका पेशंटचा डोस चुकवला होता. लगेच सांगितलं असतं तर दहा मिनिटांचा अपमान झाला असता. मी अर्धा तास गप्प बसलो. पेशंट वाचला. पण तो अर्धा तास अजून माझ्याकडे आहे." एवढंच बोलले. नंतर पेपर नॅपकिन शोधत राहिले.

संध्याकाळी साडेसातला एडिसनला पोचलो. तिकडे पहाटेचे पाच. बाबा त्या वेळी उठून अंगणात बसलेले असतात, नोकरी सुटली तरी पहिल्या पाळीची सवय सुटली नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात बसून फोन लावला.

"झालं का भाषण?"

"झालं बाबा."

"पुस्तकात येते न आता?"

"नाही येत. मी तक्ता मागे घेतला. चुकला होता."

मग बाबा म्हणाले, "म्हंजे आपल्या गावाचा नंबर गेला?"

मला आधी कळलंच नाही. मग समजलं. निलेशच्या वडिलांना, चहावाल्याला, सगळ्या वसाहतीला बाबांनी सांगून ठेवलं होतं, की पोरीच्या पुस्तकात आपलं गाव जगात पहिलं आलंय. कशात पहिलं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं आणि मला लाज वाटली होती. आता सांगितलं. पहिला नंबर कशाचा होता ते, तो कसा काढला ते, आणि तो कसा चुकीचा होता ते.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपन घान करतो असं लिवलं होतं तू?"

"हो, बाबा."

"आन आता नाही?"

"आता नाही. पण खरं काय ते काढायचं तर वीज कुठे कुठे जाते, कोण किती वापरतं, हे सगळं शोधावं लागेल. त्याचे कागद मिळत नाहीत."

"कागद कायले पाहिजेत?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, कामावर असायचे तेव्हासारखा झाला होता. "तीस वर्सं मी स्विचयार्डात होतो. जिथून वीज बाहेर निघते न, त्या तारांखाली. कोनती लाइन कोनत्या शहराले जाते, कोनती कवा टाकली, कोनत्या शहराची मागनी वाढली की आमाले रात्री उठवत, सारं माहीत हाय मले. तू कदी विचारलं नाही."

खरंच विचारलं नव्हतं. एम.ए.ला नाही, पीएच.डी.ला नाही. घरात स्रोत बसला होता आणि मी आकडे जगभर शोधत होते.

"सांगू का?" बाबा म्हणाले. "पयली लाइन. दोन मनोरे सोडून उजवीकडं वळते, ती."

"थांबा बाबा," मी म्हटलं, आणि काकूंकडे वही मागितली.